छापणाऱ्याचा वाटा

औषधांच्या फसव्या जाहिरातींचा विषय निघाला की आपल्याकडची चर्चा पाचव्या मिनिटाला आयुर्वेद विरुद्ध ॲलोपथी या रस्त्याला लागते. एक बाजू म्हणते, हे बुवा-वैदूंचं पीक मुळासकट उपटा. दुसरी म्हणते, मोठ्या औषध कंपन्या काय धुतल्या तांदळासारख्या आहेत? मग कोणीतरी सुस्कारा टाकतं की लोकच भोळे, त्याला कोण काय करणार, आणि विषय तिथेच मिटतो. २०२४ च्या उन्हाळ्यात सर्वोच्च न्यायालयात पतंजलीचं प्रकरण गाजत होतं तेव्हा हेच झालं, आणि त्यानंतर जेव्हा जेव्हा हा वाद ऐकला तेव्हा तो याच वळणाने गेला. या भांडणात विकणारा असतो, घेणारा असतो, डॉक्टर असतो, वैद्य असतो, सरकार असतं. ज्याने ती जाहिरात छापली तो मात्र कुठेच नसतो.

माझं म्हणणं सरळ आहे. वर्तमानपत्र म्हणजे कोणीही यावं आणि कागद डकवून जावा अशी भिंत नव्हे. औषधाची जाहिरात छापणारा त्या व्यवहारातला भागीदार असतो. वाचकाने त्याच्यावर वर्षानुवर्षं ठेवलेला विश्वास तो जाहिरातदाराला काही चौरस सेंटिमीटरांच्या हिशोबाने भाड्याने देतो आणि त्याचे पैसे घेतो. नफ्यात वाटा आहे, तर नुकसानीतही असला पाहिजे.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. माझ्या थोरल्या आत्याला कोड होतं. सत्तरच्या दशकातली गोष्ट, तालुक्याचं गाव. मनगटावर रुपयाएवढा डाग होता तो वर सरकत कोपरापर्यंत आला, आणि घरात तिच्या लग्नाचं बोलणं हळूहळू बंद झालं. आजोबांकडे जिल्ह्याचं साप्ताहिक टपालाने येई. शेवटच्या पानावर, विहिरीच्या इंजिनांच्या आणि बी-बियाण्यांच्या जाहिरातींमध्ये, दोन बोटं रुंदीची एक चौकट असे. ‘पांढऱ्या डागांवर खात्रीचा इलाज. गुण न आल्यास पैसे परत. व्ही.पी.ने मागवा, टपालखर्च वेगळा.’ खाली परमुलखातल्या एका शहराचं नाव आणि पोस्ट बॉक्सचा नंबर. आजोबा शाळामास्तर, बाजारात सुटे पैसे दोनदा मोजून घेणारे. त्यांनी ते मागवलं. शेजारच्या काकांनी हटकलं तेव्हा म्हणाले, “पेपरात आलंय. उगाच छापतील का?” तीन महिन्यांत तीन व्ही.पी. सोडवल्या, म्हणजे पोस्टात पैसे मोजून पार्सलं ताब्यात घेतली. काळपट तेल होतं, ते लावून उन्हात बसायचं. आत्याच्या हातावर फोड उठले, फुटले, आणि बऱ्या झालेल्या कातडीवर डाग होता तिथेच राहिला.

आजोबांचं ते वाक्य मी आयुष्यभर मनात घोळवलं आहे. ते त्या परगावच्या औषधवाल्याला ओळखत नव्हते आणि त्याच्यावर त्यांचा विश्वासही नव्हता. विश्वास होता तो ज्याचा अग्रलेख ते मोठ्याने वाचून दाखवत त्या संपादकावर. म्हणजे पैसे गेले औषधवाल्याकडे, पण ते काढून दिले संपादकाच्या नावाने. आणि ती चौकट तेव्हाही बेकायदाच होती. ‘औषधे आणि जादूटोण्याचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा’ १९५४ चा. त्याच्या परिशिष्टात ५४ रोगांची आणि अवस्थांची यादी आहे. कर्करोग, मधुमेह, मोतीबिंदू, क्षय आहेत तसेच माणसाची उंची, वंध्यत्व आणि कोडही आहे. यांवरच्या इलाजाची जाहिरात करायला मनाई आहे, आणि जाहिरातीच्या प्रसिद्धीत भाग घेणं म्हणजे काय याची व्याख्या करताना या कायद्याने छपाईचा स्पष्ट उल्लेख केला आहे. छापणारा कायद्याला सत्तर वर्षांपासून दिसतो. आपल्या चर्चेला तो दिसत नाही.

छोट्या गावचं वर्तमानपत्र आणि खात्रीचं औषध यांची सोयरीक कशी जुळते हे नीट पाहायचं असेल तर एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेकडे वळावं, कारण तिथे ती करारपत्रांसकट उघड्यावर आली. १८६१ मध्ये विस्कॉन्सिन राज्यातल्या बॅराबू नावाच्या लहानशा गावी ॲन्सेल केलॉग हा संपादक ‘बॅराबू रिपब्लिक’ चालवत होता. यादवी युद्ध सुरू झालं, छापखान्यातली माणसं सैन्यात गेली, खिळे जुळवायला हात उरले नाहीत. त्याने राज्याची राजधानी मॅडिसन इथल्या एका दैनिकाकडून एका बाजूला बातम्या छापलेले कागद मागवले आणि कोऱ्या बाजूला गावचा मजकूर छापून अंक वेळेवर काढला. ही युक्ती इतकी सोयीची ठरली की १८६५ मध्ये शिकागोला जाऊन त्याने तोच धंदा मांडला. खेडोपाडीच्या साप्ताहिकांना अर्धे छापलेले कागद पुरवायचे. ते स्वस्त पडत, कारण छापील बाजूवरच्या जाहिराती शिकागोतच विकलेल्या असत, आणि त्यांत औषधांचा भरणा मोठा.

आता त्या गावच्या संपादकाची जागा डोळ्यांसमोर आणा. आठवड्याचा गठ्ठा येतो, सुतळी कापतो, आणि त्याचं अर्धं वर्तमानपत्र आधीच विकलेलं असतं. कुठलं औषध, काय दावा, त्याला कोणी विचारलेलं नसतं. उरलेल्या कोऱ्या बाजूवर तो गावातली लग्नं, मयतं, गव्हाचे भाव, चर्चमधलं प्रवचन छापतो. वाचकाच्या हाती जातो तो एकच कागद, एकाच नावाखाली. शिकागोहून आलेलं कुठलं आणि आपल्या संपादकाचं कुठलं, हे शेतकऱ्याने कसं ओळखायचं? हे ऐकून कोणाला वाटेल, गेला तो काळ. मला वाटतं तो काळ आज आपल्या खिशात आहे. मराठी बातम्यांचं कुठलंही संकेतस्थळ उघडा. बातमीच्या मधोमध गुडघेदुखी, साखर, पोटाचा घेर यांवरच्या चौकटी येतात. संपादकांना विचारलं तर ते खरंच सांगतात की या आम्ही निवडत नाही, त्या बाहेरच्या यंत्रणेकडून आपोआप येतात. हा केलॉगचा अर्धा छापलेला कागदच आहे.

ती औषधं काय होती तेही सांगायला हवं. त्यांना ‘पेटंट औषधं’ म्हणत, पण बहुतेकांचं पेटंट घेतलेलंच नसे. पेटंट घ्यायचं तर घटक जाहीर करावे लागतात, आणि धंद्याचा सगळा जीव गुपितात होता. नोंदणी व्हायची ती नावाची आणि लेबलाची. ‘मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप’ हे दात येणाऱ्या तान्ह्या मुलांना शांत करण्याचं औषध. मुलं शांत व्हायची, कारण त्यात मॉर्फिन होतं. काही पुन्हा जागी झाली नाहीत. ‘पेरुना’ नावाच्या सर्दी-पडशाच्या औषधात चौथ्या हिश्श्याहून जास्त मद्यार्क होता, आणि दारूबंदीची शपथ घेतलेल्या घरांतून ते चमच्या-चमच्याने घेतलं जाई. १९०५ मध्ये खुद्द अमेरिकी सरकारच्या आदिवासी खात्याने आदिवासींच्या राखीव वसाहतींत त्याची विक्री थांबवली, कारण ते नशेसाठी वापरलं जात होतं. गावच्या साप्ताहिकात मात्र त्याची जाहिरात चालू राहू शकत होती.

का चालू राहत होती, याचं उत्तर ‘कॉलिअर्स’ या नियतकालिकाने १९०५ च्या नोव्हेंबरात छापलं. टोलीडो शहरातल्या फ्रँक चेनी या औषध उत्पादकाने, जो औषधवाल्यांच्या संघटनेचा अध्यक्षही होता, वर्तमानपत्रांशी होणाऱ्या जाहिरातीच्या करारात एक कलम लाल शाईत छापायला सुरुवात केली होती. तुमच्या राज्यात अशा औषधांची विक्री किंवा उत्पादन रोखणारा कायदा झाला, तर हा करार रद्द. एवढंच. धमकी नाही, लाच नाही. पण त्या एका ओळीने राज्यातलं प्रत्येक वर्तमानपत्र औषधवाल्यांचं पहारेकरी झालं. विधिमंडळात विधेयक आलं की कंपनीने स्वतः धावायची गरज नाही, संपादकच आमदाराला पत्र लिहिणार. मॅसॅच्युसेट्समध्ये बाटलीवर घटक छापण्याच्या विधेयकावर चर्चा झाली तेव्हा बॉस्टनच्या वर्तमानपत्रांतून त्याचा मागमूस नव्हता, असं ‘कॉलिअर्स’ने दाखवून दिलं. जाहिरात देणाऱ्याने पानाचा कोपरा विकत घेतला असं संपादकाला वाटत होतं. प्रत्यक्षात त्या पैशात उरलेल्या पानांवरची शांतताही गेली होती. माझ्या मते या सबंध इतिहासातली सगळ्यांत गंभीर गोष्ट ही आहे, बाटलीतल्या मॉर्फिनपेक्षाही. मॉर्फिनने मेलेल्या बाळाची बातमी छापता येते. छापायची नाही असं ठरलेल्या गोष्टीची बातमी कोण छापणार?

आता विरुद्ध बाजूचे मुद्दे. ते हलके नाहीत.

पहिला असा की या जाहिराती लोकांच्या खऱ्या गरजेला उत्तर देत होत्या. हे खरं आहे. त्या काळच्या डॉक्टरकडे जाणं म्हणजे पाऱ्याचे डोस घेणं नाहीतर रक्त काढून घेणं. डॉक्टर वीस मैलांवर, आणि स्त्रीच्या दुखण्याविषयी परपुरुषाशी बोलायचं कसं? मॅसॅच्युसेट्समधल्या लिन गावी लिडिया पिंकहॅम नावाच्या बाईंनी १८७५ पासून घरच्या चुलीवर उकळलेला वनस्पतींचा अर्क विकायला काढला. त्यांचा आजीसारखा चेहरा देशातल्या वर्तमानपत्रांतून घरोघर पोचला. ‘मला लिहा, तुमचं पत्र पुरुषाच्या नजरेस पडणार नाही’ असं आश्वासन असे, आणि हजारो बायका लिहीत. त्या अर्कात मद्यार्क बराच होता, पण पाऱ्यापेक्षा तो नक्कीच सुसह्य. एखादी बाई प्रथमच आपल्या पाळीच्या त्रासाविषयी कागदावर लिहिते आहे, या घटनेची किंमत मी कमी लेखणार नाही. माझ्या आत्यालाही गावात त्वचेचा डॉक्टर नव्हता. ती चौकट तिला दिसलेली एकुलती एक वाट होती.

पण गरज खरी आहे म्हणून छापणाऱ्याची जबाबदारी कमी होते की वाढते? लिडिया पिंकहॅम १८८३ मध्ये वारल्या. जाहिराती मात्र त्यांना पत्रं लिहायला सांगतच राहिल्या. वीस-बावीस वर्षं बायका एका मृत स्त्रीला आपली गुपितं लिहीत होत्या आणि कचेरीतले कारकून उत्तरं देत होते. १९०५ मध्ये ‘लेडीज होम जर्नल’ने त्यांच्या थडग्याच्या दगडाचा फोटो छापला, मृत्यूच्या वर्षासकट, तेव्हा वाचकांना कळलं. हे त्या मासिकालाच का जमलं? त्याने १८९२ पासून औषधांच्या जाहिराती घेणं बंद केलं होतं. थडगं लिन गावात सगळ्यांना दिसत होतं. ज्याच्या हिशोबवहीत तो करार नव्हता, त्यालाच ते छापता आलं.

दुसरा मुद्दा पैशाचा, आणि इथे मला लहान पत्रांच्या मालकांविषयी मनापासून सहानुभूती आहे. वर्गणीवर साप्ताहिक चालत नाही. निम्मे वर्गणीदार थकवतात, कागदवाला उधारी देत नाही, आणि औषधवाला मात्र वर्षाचे पैसे आगाऊ देतो. ‘लेडीज होम जर्नल’ श्रीमंत होतं, त्याला नकार परवडला. गांधीजींनी ‘यंग इंडिया’ आणि ‘नवजीवन’ जाहिरातींशिवाय चालवले, पण त्यांच्या वर्गणीदारांची फळी प्रत्येकाच्या नशिबी नसते. उलट दिशेचं उदाहरणही आपल्याच मुंबईत आहे. काशीनाथुनी नागेश्वर राव यांनी १८९३ मध्ये इथे अमृतांजन बाम बनवायला सुरुवात केली आणि त्या धंद्याच्या बळावर १९०८ मध्ये, याच शहरातून, ‘आंध्र पत्रिका’ हे तेलुगू साप्ताहिक काढलं. पुढे मद्रासला गेलेल्या त्या पत्राने तेलुगू समाजाच्या राजकीय जागृतीत मोठं काम केलं. डोकेदुखीच्या बामाने एका भाषेची पत्रकारिता उभी केली. औषधाचा पैसा म्हणजे पापाचा पैसा, असं म्हणणाऱ्याने आधी याचं उत्तर द्यावं.

माझं उत्तर असं की नागेश्वर रावांनी बामही आपल्या नावाने विकला आणि पत्रही आपल्या नावाने चालवलं. फसलेल्या माणसाला कुठल्या दारात जाऊन उभं राहायचं हे ठाऊक होतं. पोस्ट बॉक्स नंबरला दार नसतं. औषधाचा पैसा घेऊच नये असं मी म्हणत नाही. तो घेताना दार कोणाचं हे छापलं जावं एवढंच म्हणतो, आणि जिथे दुसरं दार नसेल तिथे ते छापणाऱ्याचं असावं. राहिला लहान पत्रं बुडण्याचा प्रश्न. आज पूर्ण पानाच्या जाहिराती तालुक्याच्या साप्ताहिकात येतात की लाखांनी खप असलेल्या दैनिकांत? एप्रिल २०२४ मध्ये पतंजलीने न्यायालयाला सांगितलं की आपण ६७ वर्तमानपत्रांत माफीनामा छापला आहे. न्यायालयाने विचारलं, तो तुमच्या जाहिरातींएवढ्याच आकाराचा होता का? योग्य प्रश्न. पण तो माफीनामाही जाहिरातच होता. वर्तमानपत्रांना दाव्याचेही पैसे मिळाले आणि माफीचेही. त्यांच्यापैकी स्वतःच्या वतीने कोणी दोन ओळी लिहिल्याचं माझ्या वाचनात आलं नाही. बड्या घरच्या या सवयीचं समर्थन गरीब साप्ताहिकाच्या चुलीकडे बोट दाखवून करता येणार नाही.

तिसरा मुद्दा नेहमीचा. संपादक काय प्रयोगशाळा उघडून बसणार का? नको. पण तालुक्याच्या कुठल्याही वर्तमानपत्राच्या कचेरीत जाऊन नाव बदलल्याची तीन ओळींची छोटी जाहिरात देऊन बघा. खिडकीतला माणूस ओळखपत्र मागतो, प्रतिज्ञापत्र मागतो. जमिनीच्या व्यवहाराची जाहीर नोटीस वकिलाच्या नावाशिवाय घेतली जात नाही. निधनाची बातमी द्यायला गेलं तर कोण देतंय याची विचारपूस होते. ही काळजी का घेतात? चुकलं तर उद्या कोणीतरी कोर्टात खेचेल म्हणून. म्हणजे पडताळणी जमते. जिथे छापणाऱ्याच्या अंगाशी येऊ शकतं तिथे ती होते आणि जिथे येत नाही तिथे होत नाही. ५४ नावांची यादी टेबलाच्या काचेखाली ठेवायला प्रयोगशाळा लागत नाही.

आणि छापणाऱ्याला वगळून केलेला कायदा किती लंगडा पडतो हेही अमेरिकेने दाखवलं आहे. ‘कॉलिअर्स’मधल्या सॅम्युएल हॉपकिन्स ॲडम्स यांच्या लेखमालेने आणि इतरांच्या धडपडीने ३० जून १९०६ रोजी शुद्ध अन्न आणि औषध कायदा झाला. मद्यार्क, अफू, मॉर्फिन, कोकेन असेल तर बाटलीवर त्याचं प्रमाण छापणं सक्तीचं झालं. मोठं पाऊल. पण तो कायदा लेबलापुरता होता, वर्तमानपत्रातल्या जाहिरातीला त्याने हात लावला नाही. लेबल नरमलं, जाहिरात तशीच गर्जत राहिली. १९११ मध्ये कॅन्सास सिटीतल्या एका ‘कर्करोगावरच्या सौम्य उपचारा’चा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि बहुमताचा निकाल आला की कायदा घटकांविषयीच्या खोट्या माहितीला लागू आहे, गुणाच्या खोट्या दाव्याला नाही. १९१२ मध्ये दुरुस्ती झाली, तर त्यात फसवण्याचा हेतू सिद्ध करण्याची अट घातली. माझा यावर मनापासून विश्वास होता, असं म्हटलं की सुटका. जाहिरातींवर केंद्रीय व्यापार आयोगाचा खरा अंकुश आला तो १९३८ मध्ये. बत्तीस वर्षं. दरम्यान किती घरांतून व्ही.पी. सोडवल्या गेल्या असतील?

चौथा मुद्दा मला सगळ्यांत अडचणीचा वाटतो, आणि तो मांडणारे सहसा तो पुरा मांडत नाहीत. जाहिरातींवर बंधन घालायला बसलेलं सरकार खोटं आणि लाजिरवाणं यांत फरक करत नाही. त्याला दोन्ही सारखीच वाटतात. आपल्याकडे याचा धडधडीत पुरावा र. धों. कर्वे आहेत. त्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं, १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ काढलं, आणि संततिनियमनाची साधनं लोकांपर्यंत पोचवली. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. वाचकांच्या लैंगिक शंकांना दिलेल्या उत्तरांवरून झालेल्या खटल्यात १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले, तरी दंड व्हायचा तो झालाच. त्याच वर्षांत धातुपुष्टीच्या गोळ्यांच्या आणि ‘गुप्त रोगां’वरच्या चौकटी इतर पत्रांतून निर्वेध छापून येत होत्या. कर्वे ऑक्टोबर १९५३ मध्ये गेले, ‘समाजस्वास्थ्य’ त्याच वर्षी थांबलं, आणि दुसऱ्या वर्षी जो कायदा आला त्याच्या तिसऱ्या कलमाने रोगांच्या आधी बंदी घातली ती गर्भपाताच्या आणि स्त्रियांसाठीच्या संततिप्रतिबंधाच्या औषधांच्या जाहिरातींवर. ज्या गोष्टीसाठी त्या माणसाने आयुष्य आणि प्राध्यापकी घालवली, ती कायद्याने भोंदूंच्या पंगतीला नेऊन बसवली. हे मला आजही खुपतं. तेव्हा कोणी म्हणालं की तुमचा कायदा उद्या कर्व्यांचंच तोंड बंद करेल, तर मी त्याला हसण्यावारी नेणार नाही.

पण कर्वे आणि ती शेवटच्या पानावरची चौकट यांतला फरक कुठे आहे ते बघितलं पाहिजे. विषय दोघांचा लाजेचाच होता. फरक असा की कर्वे आपलं नाव, पत्ता आणि कारणं छापत, साधन कसं काम करतं ते समजावून सांगत, आणि विरोधकाला त्याच पानावर उत्तर देत. चौकटवाला यातलं काहीच करत नाही. त्याच्या दाव्याला त्या अंकात प्रश्न विचारता येत नाही. म्हणून बंधन रोगाच्या नावावर असू नये, बिनउत्तराच्या दाव्यावर असावं. १९५४ च्या कायद्यातली ती यादी आज जशी आहे तशी राहावी असं मी म्हणणार नाही. तिच्यातून विषयांची लाज काढून टाका आणि छापणाऱ्याची जबाबदारी मात्र घट्ट करा. न्यायालयांनी वाट दाखवलेलीच आहे. १९५९ मध्ये हमदर्द दवाखान्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशा जाहिरातीला विचारस्वातंत्र्याऐवजी व्यापार मानलं. १९९५ मध्ये टाटा प्रेसच्या खटल्यात व्यापारी जाहिरातीलाही स्वातंत्र्याचं संरक्षण दिलं, पण फसव्या जाहिरातीला त्याबाहेर ठेवलं. आणि २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने दूरचित्रवाणीवर चमत्कारी यंत्रं विकण्याच्या जाहिराती बेकायदा ठरवताना विकणाऱ्याबरोबर दाखवणाऱ्या वाहिन्यांनाही जबाबदार धरलं. वाहिनीला जे लागू, ते छापील पानाला आणि संकेतस्थळाला लागू करायला कुठल्या नव्या तत्त्वाची गरज आहे?

मला हवं आहे ते फार नाही. औषधाच्या प्रत्येक जाहिरातीत उत्पादकाचं नाव, खरा पत्ता आणि परवाना क्रमांक असावा, वाचता येईल अशा अक्षरांत. दाव्याचा जो काही आधार असेल त्याची प्रत वर्तमानपत्राच्या कचेरीत ठेवावी आणि मागेल त्या वाचकाला दाखवावी. ‘जाहिरातींतील मजकुराची व्यवस्थापन खात्री देत नाही’ ही जी मुंगीच्या पावलांएवढी ओळ पानाच्या तळाशी असते, तिच्या मागे लपायची सोय औषधांपुरती तरी बंद व्हावी. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, ज्या पानावर दावा छापला त्याच पानावर, तेवढ्याच जागेत, फसलेल्या माणसाचं म्हणणं फुकट छापण्याचं बंधन छापणाऱ्यावर असावं. लाल शाईतलं ते कलम आज कुठल्या करारात लिहिलेलं असेल-नसेल, पण ते पाळलं जातंय की नाही हे यावरूनच कळेल.

कारण आत्यानेही लिहिलं होतं. ती गेल्यावर तिच्या ट्रंकेत एका वहीत पत्राची कच्ची प्रत सापडली, पेन्सिलीने, दोन ठिकाणी खोडून पुन्हा लिहिलेली. ‘माननीय संपादक यांस. आपल्या पत्रातील जाहिरातीवरून मी औषध मागवले. तीन महिने नियमाने लावले. गुण आला नाही, इजा झाली. पैसे परत मिळणेविषयी दोन पत्रे घातली, उत्तर नाही. पैशांबद्दल तक्रार नाही. माझ्यासारख्या इतर मुलींस कळावे म्हणून हे आपल्या पत्रात छापावे ही विनंती.’ आजोबांनी अंक जपून ठेवले होते, तारखेवार लावून. मी बसून चाळले. ते पत्र कुठल्याही अंकात नाही. ती चौकट त्यानंतरच्या अंकांतही आहे, शेवटच्या पानावर, त्याच जागी.